न पाहिलेली दशक्रिया

आळेफाट्यावरच्या माझ्या दुकानावर अजूनही केबलची पाटी आहे. पाटीचा रंग उडाला, धंदाही उडाला, पण लोक मला केबलवाले शेठ म्हणूनच ओळखतात. आजोबा मारवाडातून कापडाचे गठ्ठे घेऊन जुन्नरच्या बाजारात आले, वडिलांनी रेडिओ दुरुस्त केले आणि मी खांबाखांबांवरून वायर ओढत गावोगाव टीव्ही पोचवला. घरी आम्ही मराठीच बोलतो. मारवाडी निघते ती फक्त भांडणात. हा लेख लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "सगळं लिहा, पण स्वतःचं कौतुक आवरा." या वेळी तिला ती काळजी करायचं काही कारण नव्हतं.

घराघरांवर डिशच्या छत्र्या आल्या, मग हातात मोबाईल आले आणि केबलचा धंदा बसला. माझ्याकडे उरली गावोगाव पसरलेली फायबरची लाइन, कंट्रोल रूम म्हणून बांधलेली एक खोली आणि दोन-तीन कॅमेरे. त्यातून मी लाइव्हचा धंदा काढला. लग्न, साखरपुडा, सप्ताहाची सांगता, यात्रेतली बैलगाड्यांची शर्यत, जे असेल ते जागेवरून थेट दाखवायचं. आमच्या जुन्नर-आंबेगावात घरटी एखादा माणूस मुंबईला, पुण्याला नाहीतर पार परदेशात. त्याला मोबाईलवर गाव दिसावं एवढीच मागणी.

लोक विचारतात, फुकटात दाखवणाऱ्या एवढ्या जागा असताना शेठ कशाला हवा? सुरुवातीला मीही फुकटातच दाखवत होतो. एका लग्नात नवरदेव घोड्यावर बसला, बँडने सिनेमाचं गाणं वाजवलं आणि गाण्याच्या मालकीवरून त्या फुकटवाल्यांनी वरात मधेच बंद केली. मुलीचा मामा माझ्या मागे मांडवभर फिरला. शिवाय घरच्या कार्याचं चित्र घरच्यांनीच बघावं असं पुष्कळांना वाटतं. म्हणून मी स्वतःची सोय उभी केली. ज्याचं कार्य, त्याच्या माणसांना लिंक पाठवायची, बाकी कोणाला दिसणार नाही.

ही सोय आधी सगळी क्लाऊडवर होती. क्लाऊड म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी मोठमोठी यंत्रं, भाड्याने घेतलेली. चित्र जितक्या मोबाईलवर जाईल तितकं त्यांचं मीटर फिरतं. लग्नापुरतं ते परवडायचं. पण पहिल्या यात्रेचं बिल आलं तेव्हा मी ते बायकोपासून लपवलं. अख्ख्या यात्रेची कमाई त्यात गेली होती आणि वर आणखी घालावे लागले होते.

मग मी पुण्यातल्या एका कंपनीने मोडीत काढलेले सर्व्हर विकत आणले. कंट्रोल रूममध्ये एसी बसवला, इन्व्हर्टर वाढवले, पाली आत शिरू नयेत म्हणून सगळी भोकं बुजवली, तरी एक पाल पॉवर सप्लायमध्ये जाऊन मेलीच आणि एका साखरपुड्यातला अंगठीचा कार्यक्रम घेऊन गेली. पण जम बसला. रोजचं काम घरच्या सर्व्हरवर चालायचं. त्याच्या लाइनचं भाडं ठरलेलं, दहा जण बघोत की शंभर. यात्रेला गर्दी उसळली की तेवढ्यापुरता क्लाऊड जोडायचा. घरची विहीर वापरायची आणि कार्य निघालं की टँकर मागवायचा, तशातला प्रकार. दारात एक छोटा प्रोग्राम बसवला. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, तू घरच्या सर्व्हरवर जा, तू क्लाऊडवर. बघणाऱ्याला यातलं काही कळत नसे.

मला टँकर कधी मागवायचा हे मात्र कळावं लागे, कारण क्लाऊडची यंत्रं जागी व्हायला वेळ घेतात. बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, एकेका गाड्याची धाव म्हणजे बारी. नावाजलेल्या बैलांची बारी आली की बघणारे धो धो वाढतात. एकदा मी बाऱ्यांचा क्रम बघून क्लाऊडची वेळ लावून ठेवली आणि निवांत भजी खात बसलो. इकडे पुढाऱ्याला लवकर जायचं म्हणून कमिटीने सगळ्यात मोठी बारी आधी घेतली. घरच्या सर्व्हरवर एकदम झुंबड उडाली आणि चित्र गोठलं. लगेच मुंबईहून गाडामालकाच्या चुलत्याचा फोन आला.

"शेठ, बैल घाटात मधीच हुबे केल्यात व्हय?"

"आण्णा, तांत्रिक अडचण आहे."

"आवो पन त्यांचे पाय वर हायेत! खाली तरी टेकू द्या राव!"

त्यानंतर मी क्रमाच्या कागदावर विश्वास ठेवणं सोडलं आणि निवेदकाशीच दोस्ती केली. तो माईकवर भंडारा उधळायला सांगायचा, ती माझी खूण. खोडदला तर आणखी वेगळाच अनुभव. तिथल्या एका लग्नात मी बिनवायरचे कॅमेरे लावले होते. जेवणाच्या पंगतीत एक सभ्य गृहस्थ शेजारी येऊन बसले. ते जवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला होते. म्हणाले, "शेठ, आम्ही आकाशातलं फार बारीक ऐकत असतो. तुमची ही पेटी आमच्या कानाशी बोंबलते आहे." मी जेवण सोडून वायरी ओढल्या. नवरीच्या बापाने त्यांना जास्तीची जिलबी वाढली आणि माझं ताट मात्र कोणी झाकूनही ठेवलं नाही.

असल्या गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगतो. आता जी सांगायची आहे ती आजवर कोणाला पूर्ण सांगितलेली नाही.

आमच्या भागात दशक्रियेला माणूस लोटतो. नदीकाठी मांडव पडतो, प्रवचन होतं, पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात आणि मग पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघतात. आम्हा जैनांत पिंड नाही, कावळा नाही, पण लाइव्हमुळे माझ्या जितक्या दशक्रिया झाल्या तितक्या एखाद्या गुरुजींच्याही झाल्या नसतील. या कामाला मी एकटाच जायचो. कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि लॅपटॉप घेऊन कडेला बसायचं. दशक्रियेचे बघणारे थोडे, त्यामुळे क्लाऊड जोडायची गरजच नसे. मला ते काम मनातून आवडायचं, कारण त्यात खर्च जवळजवळ नव्हता. हे लिहितानाही लाज वाटते, पण तसंच होतं.

डिंगोऱ्याचे नामदेवआबा वारले. गावात केबल नेली तेव्हा मशीन ठेवायला पहिली गच्ची मला त्यांनी दिली होती, आणि भाडं म्हणून फक्त कुस्त्यांचं चॅनेल मागितलं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा संतोष कॅनडात. त्याच्या कागदपत्रांचं तिथे काहीतरी अडलं होतं. देश सोडला तर परत घेतील याची खात्री नव्हती. आबांची बायको हौसामावशी स्वतः दुकानात आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "शेठ, त्याला याया येत न्हाई. पन बापाचं त्याला दिसाया पायजे. तेवढं तुमी करा." बाकी सगळे नातेवाईक नदीच्या घाटावर येणारच होते. लिंक फक्त एकट्या संतोषसाठी होती. मी ती त्याला पाठवली आणि त्याचा 'ओके' आला.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात आम्हाला एक आकडा दिसतो, किती जण बघतायत त्याचा. प्रवचन सुरू झालं, तिथे शून्य. पुढाऱ्याने "हे लाइव्ह चालू आहे ना?" असं मला खुणेने विचारून मग कॅनडातल्या भारतीयांनाही दोन शब्द सांगितले, तेव्हाही शून्य. मला वाटलं, झोप लागली असेल, तिकडे रात्र असते. मी त्याला फोन लावला, तो उचलला नाही.

पिंड मांडले. समोरच्या उंबरावर कावळे होते, पण एकही खाली येईना. आबांचा भाऊ हात जोडून पुढे झाला. "दादा, बांधाचं मी मिटवून टाकतो, काय काळजी करू नको." काही नाही. पुतण्या म्हणाला, "आबा, गाय इकनार न्हाई." काही नाही. माणसं कुजबुजायला लागली. तेवढ्यात हौसामावशी माझ्याकडे वळली.

"शेठ, संतोष बघतोय ना वो?"

सगळा घाट माझ्याकडे बघत होता. मी लॅपटॉपकडे बघितलं. शून्य.

"बघतोय, मावशी," मी म्हणालो. वर न विचारताच जोडलं, "स्वच्छ दिसतंय त्याला."

मावशी पिंडाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "आवो, पोरगं बघतंय. लांब असलं तरी बघतंय. त्याच्यात जीव अडकवू नगा. जावा आता."

मी मान वर केली नाही. निदान आता तरी त्या शून्याचा एक व्हावा म्हणून मी आकड्याचं पान पुन्हा पुन्हा उघडत राहिलो. तेवढ्यात ओरडा झाला, "शिवला! शिवला!" मी वर बघितलं तर पिंड विस्कटला होता आणि कावळा गेला होता. लोकांनी हात जोडले. मावशी खाली बसून रडत होती. मी वायरी गुंडाळल्या.

त्या दिवशी मला लाज वाटली नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. मला संतोषचा राग आला होता. घरी येऊन बायकोला म्हणालो, "काय एकेक पोरं निपजतात! बापाची दशक्रिया बघायला अर्धा तास नाही." ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत त्याचं काय चाललंय?" मी म्हणालो, मला आकडा माहीत आहे. फाट्यावर चहा पितानाही एक-दोघांजवळ मी नाव न घेता बोललो. नाव न घेतल्याने काही बिघडत नाही अशी माझी समजूत होती.

पुढे यात्रांचा हंगाम आला आणि माझ्या डिस्क भरायला लागल्या. कार्याचं चित्रण आम्ही नंतर बघता यावं म्हणून ठेवून देतो. शर्यतीचं चित्रण प्रचंड जागा खातं. ते क्लाऊडवर ठेवावं तर दर महिन्याला भाडं, आणि नव्या डिस्क घ्याव्यात तर तो वेगळा खर्च. तेव्हा मी प्रोग्रामला एक नियम लावून दिला. जे चित्रण कित्येक महिन्यांत कोणी उघडलेलंच नाही, ते आपोआप पुसून टाकायचं. कोणी बघत नाही म्हणजे कोणाला नको आहे, इतका साधा हिशेब. खर्च एवढा खाली आला की केबलवाल्यांच्या एका बैठकीत मला उभं करून तो सांगायला लावला. मंचरचा एक जण म्हणाला, "शेठ, तुमचं डोकं म्हंजे डोकं हाय." मी सत्काराची शाल घेऊन घरी आलो आणि ती बायकोला दाखवली.

वर्षश्राद्धाच्या आधी संतोष आला. अडलेली कागदपत्रं सुटली होती. दुकानात शिरला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. पोरगा केवढा वाळला होता. स्टुलावर बसला, दुकानात दुसरं कोणी नाही हे बघितलं आणि म्हणाला, "शेठकाका, आबांचं दशक्रियेचं रेकॉर्डिंग पायजे."

मी मुद्दाम आवाज कोरडा ठेवला. "तू बघितलं नव्हतंस ना त्या दिवशी."

"तुमाला ठाऊक हाय?" त्याने मान खाली घातली. "मोबाईल हातातच व्हता, काका. तुमचा फोन आला तवाबी. पन बोटच जाईना लिंकवर. बघितलं आसतं तर आबा गेले हे खरं झालं आसतं. नंतर रोज ठरवायचो, आज बघू. मग म्हनलं, घरी जाऊन, आईजवळ बसूनच बघायचं."

माझा कोरडा आवाज कुठल्या कुठे गेला. मी संगणकाकडे वळलो आणि शोधायला लागलो. शोधायच्या आधीच मला कळलं होतं, पण हात चालवत राहिलो, कारण हात थांबले की बोलावं लागणार होतं.

"संतोष, ते पुसलं गेलं."

"म्हंजे? खराब झालं?"

"नाही. पुसलं गेलं. कोणी उघडलं नाही की पुसायचं, असा नियम केला होता मी."

"क्लाऊडवर आसंल की."

"दशक्रिया आम्ही क्लाऊडवर ठेवत नाही."

"का?"

"खर्च वाचतो."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मी बघनार व्हतो, काका."

मी डिस्क घेऊन पुण्याला गेलो. पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस तिथे आहे. त्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि म्हणाला, त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय, आता निघणार नाही. ते दुसरं म्हणजे यात्रेच्या बाऱ्या. परत येताना नारायणगावला गाडी थांबली तरी मी उतरलो नाही. ओळखीचं कोणी भेटलं तर काय चेहरा दाखवायचा असं झालं होतं, जणू सगळ्यांनाच हे कळलं आहे. आता पुसण्याआधी मी प्रत्येक घरी फोन करतो. सगळे म्हणतात, राहू द्या शेठ. डिस्क परत भरत आल्या आहेत, बिल चढायला लागलं आहे आणि ती शाल मी कपाटात खाली कोंबून ठेवली आहे.

मी परत आलो त्याच दिवशी हौसामावशीचा निरोप आला. जेवायला या, आणि येताना ते आबांचं टीव्हीवर लावायला घेऊन या. म्हणजे संतोषने तिला अजून सांगितलं नव्हतं. मी गेलो. मावशीने टीव्हीवरचं कापड काढून ठेवलं होतं, समोर सतरंजी अंथरली होती. भाकरी, मासवडी, रस्सा, सगळं केलं होतं. माझ्यासाठी कांदा-लसूण न घालता वेगळी पिठलं-भाकरी होती. आमच्या घरात काय चालत नाही हे तिला नीट आठवत होतं.

"मावशी, ते रेकॉर्डिंग गेलं," मी म्हणालो. "माझ्याकडून पुसलं गेलं. पुण्यालाही नेऊन आणलं. आता नाही मिळणार. मला माफ करा."

मावशीचा वाढता हात थांबला. ती सतरंजीच्या कडेवर बसली. "मी बघितलंच नव्हतं वो," ती म्हणाली. "शेजारची पोरं म्हनायची, आजी, लावून देतो मोबाईलवर. मी म्हनलं नगं, संतोष आल्यावर दोघं मिळून बघू."

म्हणजे जे कोणालाच नको आहे असं मी धरलं होतं, ते या दोन माणसांनी एकमेकांसाठी राखून ठेवलं होतं. माझ्या हिशेबात त्यासाठी जागाच नव्हती. संतोष ताटात बोट फिरवत होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठायचंही धैर्य होत नव्हतं.

मावशीने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बघून तिला माझीच दया आली असावी.

"आसू द्या शेठ. तुमी काय मुद्दाम केलं न्हाई. आन संतोषनं तवा बघितलंय की. ज्याच्यासाठी क्येलं व्हतं त्यानं बघितलं, मग झालं. तुमीच सांगितलंत ना, स्वच्छ दिसतंय म्हनून. त्याच्यावर तर आबा मोकळं झालं."

संतोषने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी त्या दिवशी त्याच्या नावाने काय सांगितलं होतं ते त्याला तेव्हा कळलं. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

"मला तर डोळ्याला पानी, मला काय सुदरलंच न्हाई," मावशी म्हणाली आणि त्याच्याजवळ सरकली. "तू सांग आता. कसा शिवला कावळा?"

त्याने आशेने माझ्याकडे बघितलं, कारण मी तिथे होतो. मी तिथे होतो, पण कावळा आला तेव्हा मी आकड्याकडे बघत होतो.

"सांग की," मावशी म्हणाली.

"एकच आला, आई," संतोषने हळूहळू सुरुवात केली. "आधी लांब बसला. तू बोलल्यावर मग चालत चालत जवळ आला."

"उजवीकडनं ना?" मावशीने मला विचारलं.

"हो, मावशी," मी म्हणालो. "उजवीकडून."